सोडलेल्या गाईचा धनी कोण?

जे आपले होते ते सोडून दिले, म्हणजे त्याविषयीचे आपले कर्तव्यही सुटले काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथात हा प्रश्न शांतपणे विचारता येतो. बुंदेलखंडातल्या शेताच्या बांधावर तो तसा विचारता येत नाही. तेथील शेतकरी ऐन थंडीच्या रात्री हातात काठी घेऊन हरभऱ्याची आणि मसुराची राखण करीत बसतो. त्याचे भय चोराचे नसते. कोणा शेजाऱ्याने सोडून दिलेल्या गुरांचे असते.

त्या प्रदेशात गुरे मोकळी सोडण्याच्या रिवाजाला 'अन्ना प्रथा' म्हणतात. रब्बीचे पीक घरी आले, शेते रिकामी झाली, की गुरे सोडावीत आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा दावणीला बांधावीत, असा तो रिवाज होता. त्यात सोडण्याइतकेच परत आणणेही गृहीत होते. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम गेले; गायराने आक्रसली; वैरण महागली. उत्तर प्रदेशात गोवध तर १९५५ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. भाकड गाय आणि नको असलेला गोऱ्हा यांना गिऱ्हाईक उरले नाही. गुरे सोडणे राहिले, परत आणणे तेवढे थांबले. २०१९ च्या पशुगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली. त्यांपैकी जवळजवळ निम्मी राजस्थान आणि उत्तर प्रदेश या दोन राज्यांत होती.

गाय सोडणारा स्वतःची समजूत घालतो की, आपण तिला मारले नाही, विकली नाही, केवळ मुक्त केली. परंतु त्याग आणि टाकणे यांत भेद आहे. त्यागात देणाऱ्याचे काही कमी होते. टाकण्यात त्याचे ओझे दुसऱ्याच्या शिरावर जाते. आपल्या परंपरेत वृषोत्सर्गाचा विधी आहे. मृताच्या नावाने सोडलेला तो वळू गाव आपला मानीत असे. त्याच्या चाऱ्याचा भार सर्वांत वाटला जाई. आज सोडलेली गाय मात्र ज्याच्या शेताला कुंपण नाही, त्याच्याच पिकात शिरते. कुंपण घालणे ज्याला परवडत नाही, तोच बहुधा सर्वांत गरीब असतो. म्हणजे एकाच्या पुण्याची किंमत दुसऱ्याच्या ताटातून वसूल होते.

यावर कोणी म्हणेल की, सोडणाराही गरीबच आहे. दूध न देणाऱ्या जनावराला त्याने काय घालावे? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सारा दोष त्याच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही. उत्तर प्रदेश सरकारने २०१९ मध्ये असे निराधार जनावर सांभाळणाऱ्यास दिवसाला तीस रुपये देण्याची योजना काढली; २०२३ मध्ये ते पन्नास झाले. रक्कम पुरेशी असो वा नसो, त्यामागचे तत्त्व योग्य आहे: जी श्रद्धा साऱ्या समाजाची, तिचा खर्चही साऱ्या समाजाचा.

गाईला माता म्हणणाऱ्यांत शहरात राहणारे आपण पुष्कळ आहोत. तिचे दूध आपण पितो, तिच्यासाठी कायदे मागतो; तिच्या म्हातारपणाची वैरण मात्र अनोळखी शेतकऱ्याच्या पिकातून परस्पर भागते. ज्या पूज्यभावाचे मोल पूजकाला द्यावे लागत नाही, त्याला भक्ती म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे. सोडलेल्या गाईचा धनी शोधायचा, तर केवळ गोठ्यात पाहून चालणार नाही. तिला पूज्य मानणाऱ्या प्रत्येकाने प्रथम स्वतःकडे पाहिले पाहिजे.