वीस वर्षांची मजुरी



आजच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला (मत्तय २५:१४-३०) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तालांत म्हणजे गाणे, चित्रकला, वक्तृत्व असे देवाने दिलेले गुण, असे आपल्याला शिकवले गेले. ते चूक नाही. पण प्रभूने हा दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोकडा पैसाच उभा राहिला असणार. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शब्बाथ आणि सणवार वगळून हिशेब केला, तर एक तालांत ही जवळजवळ २० वर्षांची कमाई होते! ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती धन्याने एका माणसाच्या उमेदीची सारी वर्षे ठेवली होती.

वीस वर्षे हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुलेमुली दुबई, कुवेत, दोहा, मस्कत येथे नोकरीला आहेत. पंचविशीत जातात, पंचेचाळिशीत परततात. तिथे पगारावर आयकर नाही, त्यामुळे महिन्याच्या शेवटी हातात भरपूर पैसा येतो. पण बहुतेकांना निवृत्तिवेतनही नाही, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटताना मिळते ती ग्रॅच्युइटी. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा पगार, तोही मूळ पगार; भत्ते त्यात धरत नाहीत. एवढ्यावर म्हातारपण निघत नाही.

आपल्यातील ज्येष्ठांना १९९० चा ऑगस्ट आठवत असेल. इराकने कुवेतवर कब्जा केला आणि दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका बॅगेनिशी मुंबईला उतरले. ज्यांची सगळी पुंजी तिथल्याच बँकेत होती, त्यांना ती त्या वेळी हाती लागली नाही. २०२० च्या महामारीत पुन्हा तोच अनुभव आला. तिथली सुबत्ता खरी आहे, पण तिला मुदत आहे.

योसेफाची गोष्ट आठवा (उत्पत्ती ४१). तोही परदेशातच चाकरी करत होता. सुकाळाची सात वर्षे चालू असतानाच त्याने पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला, आणि पुढे दुष्काळात मिसर देशच नव्हे, तर त्याचे स्वतःचे वडील आणि भाऊही त्यातूनच जगले. दर महिन्याला २०,००० रुपये बाजूला ठेवले, तर दहा वर्षांत मुद्दल २४ लाख होते. सात टक्के व्याज धरले तर ३४ लाखांच्या पुढे जाते. मात्र ते पगार आल्या दिवशी काढावे लागतात, उरलेल्यातून नव्हे. संत पौलानेही करिंथकरांना यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवायला सांगितले होते, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. देवाचा आणि गरिबाचा वाटाही असाच आधी काढला तरच निघतो, हे वेगळे सांगायला नको.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या परिचयातील एक भगिनी बारा वर्षे आखातात नर्स होती. दर महिन्याला पैसे पाठवत राहिली. भावाचे घर झाले, बहिणीचे लग्न झाले, भाच्यांचे बाप्तिस्मे थाटात झाले. परत आल्यावर तिने पासबुक मागितले, तेव्हा कळले की खाते वडिलांच्या नावावर, घर भावाच्या नावावर, आणि तिच्या नावावर काहीच नाही. घरात कोणी चोर नव्हते. तिने कधी विचारले नाही, आणि कोणाला सांगावेसे वाटले नाही, एवढेच. तिचे वीस वर्षांपैकी बारा वर्षांचे धन असे कुठे गेले, याचा जाब आपण सर्वांनी द्यायचा आहे. आईवडिलांचा मान राखणे ही देवाची आज्ञा आहे. पण मुलीचा पगार म्हणजे आपला पगार, असे त्या आज्ञेत कुठेही म्हटलेले नाही.

दाखल्यातील तिसऱ्या चाकराने तालांत जमिनीत पुरला. आपल्याकडे तो तीन मजली बंगल्यात पुरतात. मुले परदेशात, खाली म्हातारा-म्हातारी, वरच्या खोल्यांना कुलूप. (हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे काही घरे आली, कोणी मनाला लावून घेऊ नये. राहायला घर हवेच.)

धन्याने त्या चाकराला मोठा व्यापार का केला नाहीस, असे विचारलेले नाही. निदान सावकारांकडे ठेवले असतेस, तर व्याज तरी मिळाले असते, एवढेच त्याचे म्हणणे. अगदी साधी अपेक्षा! म्हणून वर्षात दामदुप्पट देणाऱ्या योजनेचा कागद घेऊन कोणी आला, तो अगदी आपल्याच चर्चमधला असला, तरी त्याला चहा पाजून परत पाठवावे. आणि कोणाच्या कर्जाला जामीन राहण्याआधी नीतिसूत्रांचे पुस्तक उघडून पाहावे. जामीनकीविरुद्ध त्यात एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे.

कायद्याच्या काही बाबी मुलांना कळवा. परदेशी नोकरीला गेल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावे लागते. तिथली कमाई एनआरई खात्यात ठेवावी. त्यावरील व्याजाला भारतात कर नाही आणि पैसे परत नेता येतात. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. आणि अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. आपल्याकडे काहीजण यासाठी दुसऱ्याच्या नावावर जमीन घेतात. पुढे काय होते, ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारा.

नाताळला मुले सुट्टीवर येतील. सुट्टी जेमतेम महिनाभराची, त्यात लग्ने, पाहुणे आणि बाजारहाट. तरी एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर टीव्ही बंद ठेवून सर्वांनी टेबलाभोवती बसावे. पासबुके, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद, घराची कागदपत्रे काढावीत. कोणते कोणाच्या नावावर आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, ते मोठ्याने वाचावे. वाचायला मुलीला सांगावे.