नवरा घरात असतानाच बोल

मैलापूर, चेन्नई

चि. सौ. सोनू,

केट शोपँची ती 'तासाभराची गोष्ट' वाचून तुला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचीच लाज वाटली, असं लिहिलंस. लाज कशाला? नवरा आगगाडीच्या अपघातात गेल्याचं कळतं, गोष्टीतली लुईज आधी रडते, मग खोलीचं दार लावून घेते आणि पुढची वर्षं आपलीच म्हणून तिला आतून उजळल्यासारखं होतं. बरं, नवरा दुष्टही नव्हता. गोष्टीचा काटा तिथेच रुततो.

आपल्याकडे त्या काळी असं कुणी लिहिलं का, म्हणतेस. लिहिलं, आणि मी राहते त्याच गावात छापलं गेलं. कृपाबाई सत्यनाथन. जन्म 1862, नगरचा. आईवडील ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेले. 1878 साली त्या इथल्या मेडिकल कॉलेजात आल्या. बायकांना तिथे 1875 पासून प्रवेश होता. (सेंट्रल स्टेशनाजवळच आहे, आलीस की दाखवीन.) तब्येतीमुळे डॉक्टरकी सुटली. मग सॅम्युएल सत्यनाथनांशी लग्न झालं, आणि त्यांच्या दोन्ही कादंबऱ्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात आल्या त्या लग्नानंतर. इंग्रजीत लिहिल्या म्हणून आपण मराठी माणसं या बाईला विसरून बसलो, याचा मला राग आहे.

त्यातली 'कमला' 1894 ची. कमलेला सासरचा जाच. नवरा गणेश सुरुवातीला तिला हौसेने शिकवतो, पण घरचे बोलू लागले की ढेपाळतो. पुढे ती विधवा होते. तिच्यावर मनापासून जीव असलेला माणूस लग्नाचं विचारतो, तरी ती नाही म्हणते आणि आपला पैसा अनाथ-विधवांसाठी लावते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृपाबाई वारल्या, 32 वर्षांच्या. शोपँची गोष्ट आली डिसेंबरमध्ये. एकीने दुसरीचं वाचलं असण्याचा प्रश्नच नाही, तरी दोघींनाही बाईला मोकळं करायला नवऱ्याचं मरण लागलं.

का लागलं असेल? रखमाबाईंना 1887 मध्ये मुंबईच्या कोर्टाने बजावलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. कायदाच असा असला की कथालेखिकेकडे दुसरा रस्ता कुठला उरतो?

उलट हरिभाऊ आपट्यांची यमू बघ. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली. यमूचा रघुनाथराव भला माणूस, तो तिला शिकवतो, मुंबईत मोकळेपणाने वागवतो. तो गेला आणि सगळंच गेलं. शेवटी केशवपनापर्यंत वेळ आली. मोकळीक होती ती त्याच्या भलेपणावर उभी होती, तिच्या नावावर काहीच नव्हतं. मला तर लुईजपेक्षा यमूचीच जास्त धास्ती वाटते, कारण तुझा नवरा रघुनाथरावांच्याच जातकुळीतला आहे.

आता तुझं. इथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तुझी निवड झाली, हे मला कळवलंस आणि त्याला अजून नाही. "तो नाही म्हणणार नाही, पण विचारायचं कसं?" विचारू नकोस, सांग. प्रवेशाचं पत्र समोर ठेव. फी तुझ्या खात्यातून जाणार, सुट्टीत कोण कुणाकडे येणार, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू कधी तिथे असणार, हे सगळं आधी कागदावर मांड. त्याला अडचणी असतील तर ऐकून घे. त्या खऱ्याही असतील. पण परवानगीच्या सुरात बोलू नकोस, नाहीतर तो ती मोठ्या मनाने देईल आणि तू जन्मभर आभार मानत बसशील.

आणि गप्प राहून मनातल्या मनात त्याला खलनायक करू नकोस. त्या बिचाऱ्याला अजून काही ठाऊकच नाही.

या रविवारी बोल. सोमवारी मला फोन कर, म्हणजे वरची खोली रिकामी करायला लागते.

तुझी,
आत्या