ठाऊक असलेले फळ : विज्ञानकथेचा प्रेक्षक आणि नैतिक संमतीचा प्रश्न

जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तेव्हापासून मराठीत विज्ञानकथेची जी चर्चा झाली तिचा रोख मुख्यतः दोन प्रश्नांवर राहिला : कथेतले विज्ञान कितपत ग्राह्य, आणि विज्ञान बाजूला काढले तर मागे कथा कितपत उरते. दोन्ही प्रश्न लेखकाला विचारलेले आहेत. वाचकाकडून किंवा प्रेक्षकाकडून ही कथा काय मागते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. वस्तुतः विज्ञानकथा प्रेक्षकाकडून जे मागते ते इतर कथाप्रकार सहसा मागत नाहीत. अशक्य गृहीतक मान्य करण्याची विनंती ती करतेच. पण कित्येकदा त्या गृहीतकाच्या आधारावर एरवी ज्याला संमती दिली नसती अशा कृत्यालाही संमती मागते. ही संमती द्यावी काय, आणि दिल्यावर ती प्रेक्षागृहापुरतीच राहते काय, हा सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचा प्रश्न आहे.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग या प्रश्नाच्या विचारासाठी फार सोयीचा आहे. हार्लन एलिसन यांच्या नावावर असलेला हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय एका कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो आणि त्या क्षणी वर्तमानच पुसले जाते. अवकाशात वाट पाहणारे यान नाहीसे होते. कप्तान कर्क व त्याचा सहकारी स्पॉक त्याच्या मागावर १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. मंदीचे दिवस आहेत. एडिथ कीलर ही तरुणी बेकारांसाठी अन्नछत्र चालवते, त्यांना आशेच्या चार गोष्टी सांगते. कर्कचे तिच्यावर प्रेम जडते. स्पॉक जुजबी साहित्यातून यंत्र उभे करतो आणि त्यावर वर्तमानपत्रांतली दोन वृत्ते उमटतात : एकात १९३० मधील तिच्या अपघाती मृत्यूची बातमी, दुसऱ्यात १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षांशी झालेल्या तिच्या भेटीची. ती जगली तर तिच्या शांतता-चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार, तेवढ्या अवधीत जर्मनी अणुबॉम्ब तयार करणार आणि युद्ध जिंकणार. म्हणून तिने मेले पाहिजे. अखेरीस ती रस्ता ओलांडत असताना मालमोटार येते. मॅकॉय तिला वाचवण्यासाठी झेपावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवरून दाखवली गेली. आज ती हव्या त्या घरात, हव्या त्या वेळी पाहता येते. तेव्हा जळगाव-धुळ्याकडचा एखादा सुशिक्षित प्रेक्षक हा भाग पाहत आहे अशी कल्पना करण्यास हरकत नाही. त्याची पहिली अडचण अभिनवगुप्ताने सांगून ठेवली आहे. रसप्रतीतीच्या सात विघ्नांपैकी पहिले म्हणजे संभावनेचा अभाव : जे घडू शकेल असे वाटतच नाही त्यात मन विसावत नाही. पण हे विघ्न येथे अपेक्षेपेक्षा लवकर दूर होते. ज्याने आजीच्या तोंडून पुराणकथा ऐकल्या त्याला दगडी कमानीतून बोलणारा काल नवा नाही. दुसरे विघ्न अधिक चिवट आहे. स्वतःच्या देशकालाला चिकटून राहणाऱ्या मनाला साधारणीकरण साधत नाही, आणि या प्रेक्षकाला १९३० हे साल परके नाही. त्याच साली साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. भुकेल्यांना जेवू घालणारी, पुढे सगळे चांगले होईल असे भाबडेपणाने सांगणारी, युद्धाला नकार देणारी ती न्यूयॉर्कची तरुणी या प्रेक्षकाला पाहिल्यासारखी वाटते. सामान्य स्त्रीपात्रापेक्षा तो तिच्यात एका प्रवृत्तीला ओळखतो. आणि त्या प्रवृत्तीने अवेळी जगू नये असा कथेचा निवाडा आहे.

या प्रेक्षकाची प्रतिक्रिया दुहेरी असते. मालमोटार दिसताच तो मनातून मॅकॉयबरोबर धावतो. दुसऱ्याच क्षणी, कर्क योग्य तेच करीत आहे, असेही त्याला पटते. आणि चित्र संपल्यावर मागे उरते ती तक्रार : हे मला पटायला कोणी लावले?

या तक्रारीची वासलात भावविवशता म्हणून लावणे सोपे आहे. ‘श्यामची आई’पासून अश्रू हा मराठी समीक्षेच्या दृष्टीने संशयित पदार्थ ठरला आहे, रडणारा वाचक कमी दर्जाचा, हे जणू सिद्धच आहे. येथे एक निराळी मांडणी उपयोगी पडते. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे १९३० च्या दशकात काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालक होते. रससंकल्पनेवरील त्यांच्या निबंधात भावनेच्या तीन पातळ्या येतात. खेळण्यात रमलेले मूल, त्या मुलाकडे कौतुकाने पाहणारे आजोबा, आणि त्या आजोबांना पाहून सुखावणारा तिसरा कोणी. मुलाचे सुख साक्षात आहे, आजोबांचे सहानुभूतीचे आहे, तिसऱ्याचे मात्र कोणा एकाला चिकटलेले नाही. आस्वाद तेथे सुरू होतो. प्रस्तुत दृश्याला हीच मोजपट्टी लावून पाहावी. एडिथ रस्त्यात आहे, मॅकॉय तिच्यासाठी तळमळतो आहे, आणि प्रेक्षक त्या तळमळीकडे पाहतो आहे. पण कर्कची जागा कोणती? तो मॅकॉयची तळमळ पाहतो, जाणतो आणि दाबून धरतो. म्हणजे तिसऱ्या पातळीवर, जेथे केवळ प्रेक्षकाने असावे, तेथे एक कर्ता येऊन उभा राहिला आहे. तटस्थपणे पाहणे हेच येथे कृत्य झाले आहे. प्रेक्षकाला अस्वस्थ करते ते हे. आसनावर बसून आपण जे करीत आहोत तेच पडद्यावरचा नायक करतो आहे, आणि त्याने एक बाई मरते.

याविरुद्ध सर्वांत बळकट आक्षेप खानदेशातूनच घेता येतो. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दृष्टांत आहे. शेकडो अपराध्यांना फाशी देणाऱ्या या गृहस्थासमोर एके दिवशी त्याचा स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि तेव्हा त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विनोबांच्या मते अर्जुनाची अहिंसा ही अशीच, मोहातून आलेली. हा न्याय लावला तर प्रेक्षकाची तक्रार टिकत नाही. एडिथ गोड आहे, कॅमेरा तिच्या मुखावर मृदू प्रकाश टाकतो, नायकाचे तिच्यावर प्रेम आहे. म्हणून तिचा मृत्यू अन्याय्य वाटतो.

आक्षेप खरा आहे, आणि तो किती खरा आहे हे त्याच भागातल्या एका दृश्यावरून कळते. मॅकॉय १९३० मध्ये पोहोचतो तेव्हा त्याला एक भणंग भेटतो. मॅकॉय बेशुद्ध पडल्यावर तो त्याच्या खिशातले शस्त्र काढतो, चाळवून पाहतो आणि क्षणार्धात स्वतःच नाहीसा होतो. कथा पुढे चालू लागते. कोणी त्याचे नाव घेत नाही. त्याच्या मरणाने इतिहासाचा एक धागाही हललेला नाही. एडिथच्या अन्नछत्रात जेवायला येणाऱ्यांपैकीच तो एक असावा. पण तिच्यासाठी व्याकूळ होणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत त्याच्यासाठी काहीही येत नाही. एलिसन यांच्या मूळ संहितेत पहिल्या महायुद्धातला पाय गमावलेला एक सैनिक होता; त्याचे मरणही इतिहासाच्या लेखी शून्य ठरते, परंतु संहितेत ते शून्य बोचते. प्रक्षेपित भागात तो सैनिक उरला नाही. १९९६ मध्ये मूळ संहिता पुस्तकरूपाने आली तेव्हा दिसले की तेथे कर्क एडिथला मरू देण्याचे कृत्यही करू शकत नाही. दूरचित्रवाणीने नायकाला खंबीर केले आणि गरिबाला विनोदाच्या जवळ नेऊन ठेवले. हा बदल तांत्रिक कारणांनी झाला असे म्हणून सोडून देता येत नाही.

तेव्हा प्रेक्षकाच्या अश्रूंत मोह आहे हे मान्य करावे लागते. परंतु मोहातून निघालेली तक्रार चुकीचीच असते असे नाही. विनोबांच्या न्यायाधीशाचा युक्तिवाद पुत्रप्रेमातून आला म्हणून फाशी मानवी ठरत नाही. युक्तिवाद कोठून आला आणि तो खरा आहे काय, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. आणि दुसरा विचारू लागताच कथेच्या पायाशी असलेले गृहीतक उघडे पडते.

ते गृहीतक कालप्रवासाचे नाही. कालप्रवास हा केवळ रथ. खरे गृहीतक असे की कर्माचे फळ आधी, निश्चितपणे आणि पुराव्यानिशी कळू शकते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला असेच काही दाखवले जाते : योद्धे आधीच मारले गेले आहेत, त्याने निमित्त व्हावे. स्पॉकचे यंत्र हे कर्कला मिळालेले विश्वरूप आहे. मात्र गीता तेथे थांबत नाही. फळ दाखवणारीच पोथी फळावरचा हक्क सोडायला सांगते. अर्जुनाने लढायचे ते फळ दिसले म्हणून नव्हे. आणि विनोबा तर त्या अध्यायावर बोलताना विश्वरूप पाहण्याचा हट्टही धरीत नाहीत; लहानशा मूर्तीत जे आहे त्यावर त्यांचे भागते. कर्कपाशी मात्र फळावाचून दुसरे काहीच नाही. यंत्रातली दोन वृत्ते काढून घेतली तर तो केवळ एका निरपराध स्त्रीच्या मृत्यूला हातभार लावणारा माणूस उरतो.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे उदाहरण केवळ पाठ्यपुस्तकी राहत नाही. ही व्यक्ती सज्जन आहे, तिचा हेतू शुद्ध आहे, परंतु तिची अहिंसा राष्ट्राला घातक ठरणार आहे, म्हणून ती दूर झाली पाहिजे : हा युक्तिवाद ३० जानेवारी १९४८ नंतर न्यायालयात मांडला गेला आणि पुढे कुजबुजीत व छापील रूपात ऐकू येत राहिला. गांधीहत्येनंतर साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. कर्क आणि मारेकरी यांना एका ओळीत बसवणे अन्यायाचे होईल. कर्क शस्त्र उचलत नाही, द्वेष करीत नाही, पूर्वी एकदा जिन्यावरून पडताना त्याने तिला सावरलेलेही आहे. आणि कथेच्या जगात त्याला खरोखरच माहीत आहे. पण फरकाचा मुख्य भार याच शेवटच्या गोष्टीवर आहे. ज्ञान काढून घेतले की दोन्ही युक्तिवादांचा सांगाडा एकच उरतो, आणि ते ज्ञान मर्त्य माणसाला कधीही उपलब्ध नसते. चित्र पाहताना प्रेक्षकाने दिलेली संमती त्या ज्ञानासह दिलेली असते. घरी न्यायला मात्र फक्त सांगाडा सोपा असतो.

नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेशी तुलना केली तर हा धोका अधिक स्पष्ट होतो. तेथेही इतिहासाची वाट एका क्षणी फुटते : विश्वासरावाला गोळी लागली की चाटून गेली, एवढ्यावर १७६१ पुढची सगळी वाटचाल बदलते. परंतु गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जातात ते पाहुणे म्हणून. गोळीची दिशा बदलण्याचे काम त्यांच्यावर सोपवलेले नाही. ग्रंथालयात बसून ते वाचतात, सभेत आगाऊपणे बोलायला जातात आणि श्रोत्यांचा मार खातात. कथा ज्ञानाची राहते. तिचे सौजन्य यात आहे आणि तिची मर्यादाही यातच आहे, कारण वाचकाला ती कोणत्याही कृत्याची संमती मागत नाही. अमेरिकी भाग ती मागतो. म्हणूनच तो अधिक मोठा आणि अधिक आक्षेपार्ह आहे.

हा भाग पुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकाची स्थिती मात्र बदललेली असते. आता फळ त्यालाही ठाऊक आहे. तो कर्कच्या जागी आला आहे. आणि तरीही मालमोटार आली की तो मॅकॉयबरोबरच धावतो. भारतीय प्रेक्षकाला ही स्थिती अपरिचित नाही, कारण रामकथेचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक येथे जन्मालाच आला नाही. सीतात्यागाचे कारणही फळाचेच आहे : लोकाराधन. भवभूतीला ते पचले नाही. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात त्याने नाटकात नाटक घातले आणि रामाला प्रेक्षकांत बसवले. आपण ज्या निर्णयाने सीतेला वनात पाठवले त्याचे पुढे काय झाले ते राम रंगमंचावर पाहतो, भान विसरतो, मध्येच बोलू लागतो. हे नाटक आहे अशी आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. सौंदर्यशास्त्राच्या कसोटीवर राम हा अगदी वाईट प्रेक्षक आहे.

कर्कसाठी असा प्रयोग कोणी मांडत नाही. कालद्वार त्याला आणखी प्रवासांचे आमंत्रण देते. तो येथून निघू या, एवढेच म्हणतो आणि पुढच्या भागात त्या बाईचे नाव निघत नाही. ते नाव, आणि ज्याला नावच नव्हते तो भणंग, दोघेही पाहणाऱ्याकडे राहतात.