पांढरी मुळी चालली पाहिजे

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात दोन शेतकरी भेटले की बाजारभावानंतर विषय निघतो पांढऱ्या मुळीचा. मुळी चालली तर बाग चालली. हा अनुभव जुना आहे, पण मुळी ‘चालते’ म्हणजे नेमके काय करते, हे समजायला विज्ञानाला विसाव्या शतकाचा बराच काळ लागला.

केळीला पालाश फार लागते. शिफारस झाडामागे 200 ग्रॅमची. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी 4,444 झाडे, म्हणजे जवळजवळ 890 किलो पालाश. हे खत आपल्या देशात निघत नाही, परदेशातून येते. त्यामुळे मुळी ते कसे उचलते, हा प्रश्न थेट खिशाचा आहे.

एकोणिसाव्या शतकातली समजूत सोपी होती. दिव्याची वात तेल ओढते तशी मुळी पाणी ओढते आणि त्यात विरघळलेले क्षार सोबत येतात. यात एक अडचण होती. मातीतल्या पाण्यात पोटॅशियम, म्हणजे पालाशातले मूलद्रव्य, अगदी थोडे असते, पेशीच्या आत त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त. आपोआप वाहायचे झाले तर ते आतून बाहेर वाहायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते.

कॅलिफोर्नियातल्या डेनिस होगलंड यांनी 1920च्या दशकात हा उलटा प्रवास एकेका पेशीत पकडला. नायटेला नावाच्या पाणवनस्पतीची एक पेशी काही सेंटीमीटर लांब असते. तिच्यातला रस काढून तपासता येतो. त्या रसात पोटॅशियम भोवतालच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त निघाले. आणि त्याहून बोलके म्हणजे, अंधारात ठेवलेल्या पेशींची साठवण मंदावली, उजेडात वाढली. म्हणजे या कामाला कुठून तरी ऊर्जा लागत होती.

1936 साली होगलंड आणि ब्रॉयर यांनी बार्लीची कापलेली मुळे क्षारांच्या द्रावणात ठेवली. द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडले की मुळे पोटॅशियम भराभर घेत. हवेऐवजी नायट्रोजन सोडला की घेणे जवळजवळ बंद. मला हा प्रयोग सगळ्या शेतीविज्ञानात फार मोलाचा वाटतो. खत होते, पाणी होते, मुळी होती. नव्हता फक्त प्राणवायू. स्वीडनचे लुंडेगार्ड त्याच सुमारास सांगत होते की क्षार मिळाले की मुळांचा श्वास वाढतो. श्वास आणि क्षार यांच्यात त्यांनी जो थेट दुवा जोडला तो पुढे टिकला नाही, पण दिशा बरोबर होती.

पुढचा टप्पा इमॅन्युएल एपस्टाइन यांचा. 1952 मध्ये त्यांनी हेगन यांच्यासोबत पोटॅशियमच्या जागी किरणोत्सारी रुबिडियम वापरून बार्लीच्या मुळांचा क्षार घेण्याचा वेग मोजला. द्रावण दाट करत गेले तसा वेग वाढला, पण एका मर्यादेनंतर वाढेना. पोटॅशियम आणि रुबिडियम एकाच जागेसाठी झगडत होते. याचा अर्थ पेशीच्या पडद्यात ने-आण करणाऱ्या ठरावीक जागा आहेत आणि त्या भरल्या की बाकीच्यांना थांबावे लागते. (फार दाट द्रावणात दुसरी, कमी चोखंदळ वाटही उघडते, हे एपस्टाइन यांनीच नंतर दाखवले.) ठिबकमधून विद्राव्य खत थोडे थोडे, हप्त्याहप्त्याने का द्यायचे, याचे एक उत्तर इथे आहे. एकदाच पोते ओतून मुळीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

ही ने-आण करणारा प्रत्यक्ष पंप हाती लागला तो मात्र प्राण्यात. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत एटीपी, म्हणजे श्वासातून तयार होणारे पेशीचे इंधन, खर्चून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे विकर दाखवले. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले 1997 मध्ये. वनस्पतीची रीत वेगळी निघाली. मुळीतला पंप एटीपी जाळून हायड्रोजनचे आयन बाहेर फेकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋणभारित होते आणि पोटॅशियम आत ओढले जाते. काही वेळा ते हायड्रोजनच्या परतीच्या ओघाबरोबर शिरते. स्कौ यांच्याच आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये वनस्पतीतल्या या पंपाची रचना अणूंच्या पातळीवर मांडली.

आता हे घेऊन तापीकाठच्या काळ्या जमिनीत यावे. रात्रीच्या विजेवर मोटार चालते, ठिबक पहाटेपर्यंत सुरू राहते. अशा जागी खोडापासून वीतभर अंतरावर कुदळीने उकरले तर मुळी तपकिरी दिसते, चिमटीत धरली की साल निसटून आत नुसता दोरा उरतो, मातीला आंबूस वास येतो. मातीतली हवा पाण्याने हाकलली, श्वास थांबला, एटीपी संपला, पंप बंद पडला. इतकेच नाही, आत साठवलेले पोटॅशियमही बाहेर झिरपू लागते. वर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात आणि शेतकरी आणखी पोटॅश सोडतो. दोष त्याचा नाही. खताचा डोस सांगणारे पुष्कळ, मुळीच्या श्वासाबद्दल बोलणारे थोडे. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली गेला की बाग मंदावते त्यामागेही हेच एक कारण आहे: गारठ्यात श्वास मंद, म्हणून पंपही मंद.

वाफसा सांभाळणाऱ्या जुन्या माणसांना एटीपी माहीत नव्हते. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत पाणी पाळीने मिळे. दोन पाळ्यांमधल्या काळात जमिनीत पुन्हा हवा शिरे. निरीक्षण अचूक होते, कारण मात्र प्रयोगशाळेतच सापडले. कारण माहीत असले की निरीक्षण नव्या परिस्थितीतही वापरता येते. पाळीच्या पाण्याचे शहाणपण ठिबकच्या तासांना लावायचे तर ते कारणच हाताशी हवे.

म्हणून केळी उत्पादकांना माझी विनंती आहे: पान पिवळे दिसले तर पोटॅशचे पोते फोडण्याआधी चार झाडांजवळ माती उकरून मुळी पाहा. ती पांढरी नसेल तर खत नको, आधी पाणी तोडा, चर मोकळे करा आणि जमीन वाफशावर येऊ द्या.