मूल ही आपल्याकडची ठेव

मूल घोरू लागले की आजी कौतुकाने म्हणते, "दमलंय बिचारं, गाढ झोपलंय!" पण घोरता घोरता श्वासच अडत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया. मुलांत त्याचे नेहमीचे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल्स आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड्स. शस्त्रक्रियेचे नाव निघताच पालकांचे मन चिनी काढ्यांकडे, अ‍ॅक्युपंक्चरकडे ओढ घेते. यात नवल नाही. आपले त्सुफेनहाउझेन ज्या श्टुटगार्टमध्ये आहे, तेथे उद्योगपती रॉबर्ट बॉश यांनी १९४० साली होमिओपॅथीचे रुग्णालयच उघडले होते.

अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या, फार गंभीर त्रास नसलेल्या ४६४ मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी पाहिले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या गटातील ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. मधल्या काळात काढा दिला असता, तर सारे श्रेय काढ्यालाच गेले असते! आणि बरी न झालेली मुले?

मोठ्या माणसाने स्वतःवर खुशाल प्रयोग करावेत. मुलाला मात्र नाही म्हणता येत नाही. जर्मन कायद्याने १९८० साली 'पालकांची सत्ता' हा शब्द काढून 'पालकांनी घ्यायची काळजी' हा शब्द घातला. मूल आपले असले, तरी त्याचे शरीर आपल्याकडे ठेव आहे. म्हणून आधी तपासणी करावी, वाट किती पाहायची ते डॉक्टरांशी ठरवावे, काढा देत असल्यास तोही सांगावा. उद्या मूल विचारील, "तेव्हा तुम्ही काय पाहून ठरवलंत?" त्याला उत्तर देता आले पाहिजे.