लोकरीआडची ओळख

थंडी सुरू झाली की नोएडा-गुरुग्रामकडच्या रस्त्यांवर नर्सऱ्या गजबजतात. शेवंती, झेंडू, पिटुनियाच्या गर्दीत निवडुंगांच्या छोट्या कुंड्यांचीही एक रांग असते आणि तिच्यात पांढऱ्या केसांनी झाकलेलं एखादं वीतभर उंचीचं रोप हमखास दिसतं. विचारलं तर उत्तर येतं, ‘ओल्ड मॅन कॅक्टस’. हे नाव खोटं नाही, पण अपुरं आहे. निवडुंगांच्या व्यापारात निदान तीन निरनिराळ्या वनस्पती ‘म्हातारा’ म्हणून विकल्या जातात. मेक्सिकोतली सेफॅलोसेरियस सेनिलिस, पेरू-इक्वेडोरमधली एस्पोस्टोआ लानाटा आणि अँडीजच्या उंच, कोरड्या उतारांवरच्या ओरिओसेरियसच्या जाती. रोपं लहान असताना तिन्ही शेजारी ठेवली तर जाणकारही घाईने बोलत नाही.

फरक शोधायचा तर लोकर बाजूला सारावी लागते. सेनिलिसचे केस राठ, लांब आणि खाली लोंबणारे असतात. ते केस म्हणजे रूप बदललेले काटेच, आणि त्यांच्या आड खरे पिवळसर काटे दडलेले असतात. एस्पोस्टोआची लोकर मऊ असते, ती लोंबत नाही, खोडाला वेढून बसते. ओरिओसेरियसमध्ये केसांतून जाड, पिवळे-तांबूस काटे उघडपणे बाहेर आलेले असतात. पण या खुणा पक्क्या नाहीत. ऊन कमी पडलं की लोकर विरळ होते, दिल्लीची धूळ बसली की पांढऱ्याचं करडं होतं. शेवटचा निवाडा फुलाचा. ओरिओसेरियसचं फूल लाल-गुलाबी, नळीसारखं, दिवसा हमिंगबर्डसाठी उमलणारं. उरलेल्या दोघांची फुलं रात्रीची, वटवाघळांसाठी. सेनिलिस तर कित्येक मीटर उंच होईपर्यंत फुलतच नाही. कुंडीत वाढवणाऱ्याच्या हयातीत तो निवाडा लागेलच असं नाही.

मला ओळखीच्या या प्रश्नाचं महत्त्व वाटतं ते इथे. नातं पाहिलं तर मेक्सिकोचा म्हातारा ॲरिझोनाच्या उंच सग्वारोच्या गोतावळ्यातला आहे. दक्षिण अमेरिकेतले दोघे वेगळ्या कुळशाखेतले. तरी तिघांनी एकच पांघरूण घेतलं, कारण प्रखर ऊन, कोरडा वारा आणि गार रात्री तिघांच्याही वाट्याला आल्या. म्हणजे साम्य आपल्याला झाडाने काय सोसलं ते सांगतं, ते कोणाचं हे सांगत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण वेशावरून घराणं ठरवण्याची घाई करतो, आणि तिथेही तीच गफलत होते.

शिवाय सारखी दिसणारी लोकर प्रत्येक ठिकाणी एकाच कामाची असते असंही नाही. इक्वेडोरमधल्या एस्पोस्टोआ फ्रुटेसेन्सवर झालेलं संशोधन मला फार विलक्षण वाटतं. खोडाच्या ज्या केसाळ पट्ट्यातून तिची फुलं उमलतात, तो पट्टा वटवाघळाचा आवाज शोषून घेतो. आजूबाजूचा प्रतिध्वनी मंदावला की फुलाचा तेवढा स्पष्ट ऐकू येतो. आपण जिला पांघरूण समजतो, ती लोकर तिथे अंधारात फुलाचा पत्ता सांगते. डोळ्यांनी ओळख पटवणाऱ्या आपल्याला ही गोष्ट सुचणंही कठीण होतं.

चुकीच्या ओळखीची किंमत भारताने निवडुंगांच्याच बाबतीत एकदा मोजली आहे. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता. तो रंग फड्या निवडुंगावर जगणाऱ्या, कापसासारख्या पांढऱ्या मेणात लपलेल्या कोचिनियल किड्यापासून मिळतो. 1795 मध्ये ब्राझीलहून हा किडा म्हणून जो बंगालमध्ये आणला गेला, तो खऱ्या रंगकिड्याचा रानटी भाऊबंद निघाला. रंग हलका मिळाला आणि किड्याने निवडुंगच खाऊन संपवायला सुरुवात केली. पुढे 1836 ते 1838 च्या सुमारास तोच किडा दक्षिणेत माजलेल्या निवडुंगावर मुद्दाम सोडण्यात आला. कीटकाच्या मदतीने तण हटवण्याचा जगातला हा पहिला प्रयोग मानला जातो. त्याचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. या किड्याने फड्या निवडुंगाची ओपन्शिया मोनाकॅन्था ही जात फस्त केली, पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीला तोंड लावलं नाही. त्या दुसरीसाठी 1926 मध्ये कोचिनियलची वेगळी जात आणावी लागली. ज्या दोघींना माणसं एकच समजत होती, त्यांच्यातला भेद किड्याला पक्का ठाऊक होता.

दिल्लीच्या गच्चीवर इतकं मोठं काही पणाला लागलेलं नसतं, तरी रोपाचा जीव लागलेला असतोच. अँडीजच्या म्हाताऱ्याला इथली जानेवारीची थंडी मानवते, जुलैच्या दमट, उकाड्याच्या रात्री मात्र सोसत नाहीत. मुळं कुजतात आणि वरच्या लोकरीमुळे ते फार उशिरा कळतं. त्याच लोकरीत पिठ्या ढेकूण बसला तर पांढऱ्यात पांढरा दिसतही नाही. कोणती जात, मूळची कुठली, हे ठाऊक असेल तर पाणी कधी तोडायचं आणि कुंडी पावसातून कधी हलवायची हे आधीच ठरवता येतं.

वनस्पतिशास्त्रात ओळख पक्की नसेल तर नावाच्या मधोमध ‘सीएफ.’ लिहितात. अमुक जातीशी ताडून पाहावं, एवढाच त्याचा अर्थ. मला ही पद्धत अतिशय प्रामाणिक वाटते. जी संग्रहालयं आणि उद्यानं ती पाळतात, तिथल्या पाटीवर विश्वास ठेवता येतो. बाजाराला मात्र प्रत्येक कुंडीवर एक ठाम, गोड नाव हवं असतं, आणि रोप तीन हातांतून फिरेपर्यंत ते कुठून आलं ही माहिती गळून जाते. ती एकदा गेली की परत मिळत नाही. सेनिलिस मेक्सिकोच्या मोजक्या दऱ्यांतच जंगली उरली आहे आणि तिथे ती धोक्यात आहे. त्यामुळे बियांपासून वाढवलेलं रोप आणि रानातून उपटून आणलेलं रोप यांतला फरक महत्त्वाचा ठरतो, आणि तो नोंदीवरूनच कळू शकतो.

म्हणून केसाळ निवडुंग घरी आणलात तर विक्रेत्याला विचारा, हे रोप बियांचं की कलमाचं आणि त्याने ते कोणाकडून घेतलं. मिळेल ते उत्तर तारखेसह एका पट्टीवर पेन्सिलीने लिहून कुंडीत खोचा, कारण शाई उन्हात उडते. जातीबद्दल खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि फूल येईपर्यंत ते खोडू नका.