परतीचा दोर

सिंहगडावर १६७० साली तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांस ‘दोर केव्हाच कापून टाकले आहेत’ असे सांगून मागे वळविण्यात आले, ही कथा मराठी घरातील प्रत्येक मूल ऐकत आले आहे. ‘परतीचे दोर कापणे’ हा शब्दप्रयोग उच्चारताच ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि तिच्याबरोबर एक नीतीही आपल्या मनात रुजून बसली आहे : ज्याने मागे येण्याची सोय ठेवली, त्याचा निश्चय कच्चा. रणांगणावर ही नीती योग्य असेलही. परंतु आता पुष्कळ सुशिक्षित मंडळी सुट्टीत हिमालयाची वाट धरतात, आणि तीच नीती शिदोरीबरोबर बांधून नेतात. ती तेथे चालेल काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

उदाहरणादाखल नेपाळातील खुंबूची वाट घेऊ. लुक्ला सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. तेथून नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे असे मुक्काम करीत एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत, म्हणजे सुमारे ५,३६० मीटरपर्यंत, चढावयाचे असते. आपल्या कळसूबाईच्या माथ्याची उंची १,६४६ मीटर. तिच्या तिपटीहून ही अधिक झाली. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. म्हणून तयारीस लागलेला मनुष्य महिनोन्‌महिने टेकड्या चढतो, बूट पायांत मुरवितो, लोकरी कपडे जमवितो. हे सर्व अवश्यच आहे. परंतु या उद्योगात एक गोष्ट त्याच्या ध्यानी येत नाही. उंचीचा विकार बलवान व दुर्बल असा भेद करीत नाही. कसलेल्या शरीरासही तो गाठतो. त्यावर खरा उपाय सावकाशीचा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजच्या रात्रीचा मुक्काम कालच्यापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचावर नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा असावा, असा वैद्यांचा सांगावा आहे. डोकेदुखी व मळमळ असता आणखी वर जाऊ नये. चाल अडखळू लागली, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता खाली उतरावे.

नियम सोपा आहे. पाळणे मात्र अवघड, आणि याचे कारण नीतिशास्त्राच्या दृष्टीने मोठे विचारणीय आहे. विरळ हवेत केवळ पायच थकतात असे नाही, विवेकही थकतो. ज्याने निर्णय द्यावयाचा त्या न्यायाधीशाचीच बुद्धी मंद झालेली असते. शिवाय खर्च केलेला पैसा, मोजकी रजा, घरी मारलेल्या बढाया आणि समोर दिसणारे शिखर हे सारे त्याच्या कानाशी लागलेले असतात. म्हणून माघार कोठे घ्यावयाची हे घरी, शांत चित्ताने, ठरवून निघणे हीच आमच्या मते तयारीतील पहिली बाब होय.

यावर कोणी म्हणेल की, कालच्या मनाने आजच्या मनास का बांधून ठेवावे? प्रत्यक्ष परिस्थिती तर आजच्याच मनास दिसते. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी एक, फार तर दोन वाजता परत फिरावयाचे, असे आधी बोलले गेले होते. तरीही अनेक जण दोननंतर शिखरावर पोचले. मग वादळाने गाठले. त्या दोन दिवसांत पर्वतावर आठ माणसे मरण पावली. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अनुभवी नायकही त्यांत होते. वादळ कोणाच्या हातचे नव्हते. परंतु घड्याळ हातावरच होते. त्याच महिन्याच्या आरंभी योरान क्रोप हा स्वीडिश गिर्यारोहक, स्वदेशाहून सायकलीने नेपाळात आलेला, शिखर सुमारे शंभर मीटर उरले असता उशीर झाला म्हणून मागे फिरला. पुढे २३ मे रोजी तो शिखरावर पोचला. पण पोचला नसता, तरी त्याचे ते माघारी वळणे तितकेच शहाणपणाचे ठरले असते.

तेव्हा नियम असा असावा : आजच्या मनास ठरल्या वेळेच्या आधी मागे फिरण्याची पूर्ण मोकळीक असावी, पुढे जाण्याची मात्र मुळीच नसावी. असे बंधन स्वातंत्र्याचा संकोच करीत नाही. ज्याची मर्यादा ठरली, तो मर्यादेच्या आत निःशंक चालतो.

यातील दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. आपला हट्ट एकट्यालाच भोवत नाही. १९२२ साली एव्हरेस्टवरील तिसऱ्या प्रयत्नात, नुकत्याच पडलेल्या बर्फातून वर जात असता, हिमलोट कोसळून सात माणसे मेली. ती सातही भारवाहक होती, साहेब एकही नव्हता. कीर्तीची हाव एकाची आणि प्राण दुसऱ्याचे, हा हिशेब कोणत्याही नीतीत बसत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच वाटाड्यास व भारवाहकास सांगून ठेवावे की, अर्ध्यातून फिरलो तरी मजुरी पुरती मिळेल. नाहीतर ‘परत चला’ म्हणण्याची त्याची जीभ आपण पैशानेच बांधून ठेवतो. त्याच्या अंगावर पुरते उबदार कपडे आहेत की नाहीत, हेही आपणच पाहावे. कार्यक्रमात दोन-तीन दिवस रिकामे राखावे. ज्याच्या रजेत एकही दिवस शिल्लक नाही, त्याने आपले दोर घरीच कापले म्हणावयाचे. आणि मंडळीतील सर्वांत अशक्त माणसास ‘मला बरे वाटत नाही’ असे लाज न वाटता म्हणता यावे, अशी बोली आधीच करून घ्यावी.

महाभारतात पांडव हिमालय चढू लागले, तेव्हा द्रौपदी पडली, मग भाऊ एकेक करून पडले. युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहिला. त्याला ते शोभले, कारण ते महाप्रस्थान होते. आपण निघतो ते महिन्याभरात स्वयंपाकघरात बसून हकिकत सांगावी म्हणून. ज्याला घरी यावयाचे आहे, त्याने पडलेल्याकडे वळून पाहिलेच पाहिजे, आणि परतीचा दोर आपल्या हातांनी, आधीच, घट्ट बांधून ठेवला पाहिजे.